तांडेल आणि सोसायटीची मांजरं

तांडेल हळू बोलायची ती फक्त टेलिफोनवर. अंधेरीच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात ती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची, आणि एकदा का ते यंत्र कानाला लावलं की तिच्या गळ्यातून असा काही मधाळ आवाज निघायचा की पलीकडचा माणूस आधी टाय सारखा करत असणार. "गुड मॉर्निंग... होल्ड द लाइन प्लीज..." आणि वायर काढली रे काढली की तीच बाई मागे वळून पॅकिंगच्या मुलींना अशी हाक घालायची की गेटवरचा गुरखा दचकून उभा राहायचा. "गो कमल! च्या आला गो!" साहेबांनी एकदा तिला विचारलं, "हिरा, फोनवर बोलतेस तशी एरवी का नाही गं बोलत?" ती म्हणाली, "साहेब, फोनवर मधे तार असते. एरवी मधे वारा असतो. हळू बोललं तर तो वाराच खाऊन टाकतो. समोरच्याला काय मिळतं मग?"

हिरा खारदांड्याची. तिचा बाप होडीवरचा तांडेल, म्हणजे समुद्रात ज्याचा शब्द चालतो तो. कारखान्यात शब्द हिचा चालायचा, म्हणून मुलींनी बापाचं पद हिलाच देऊन टाकलं होतं. साहेबसुद्धा तिच्या पाठीमागे तिला तांडेलच म्हणायचे. मॅट्रिक झालेली, इंग्रजी खणखणीत, आमच्याशी शाळेतली मराठी बोलायची, आणि डोकं तापलं की थेट कोळीवाड्यात जायची. अंबाड्यात रोज अबोलीची वेणी. पदर कमरेला असा खोचलेला की आता होडीच ढकलायला निघालीय!

आणि मी? मी इंदूरची. टायपिंगची परीक्षा दिली, मुंबईत नोकरी लागली, आणि अंधेरी पूर्वेला अण्णामामाच्या घरी येऊन पडले. हो, पडलेच म्हणायला हवं. मुंबईत मला एक माणूस ओळखत नव्हतं. मामा सोसायटीचे सेक्रेटरी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ कुसुम, घर ते कारखाना, कारखाना ते घर. एक तक्रार माझ्या कानावर आली की इंदूरचं तिकीट." आणि वर माझी मराठी! "मी जेवून राहिली आहे" म्हटलं की मामी कपाळाला हात लावायची आणि मामा म्हणायचे, "जेवते आहे म्हण, बाई. जेवते आहे." मग मी घरात बोलणंच कमी केलं. इंदूरला आमच्या गल्लीत मला गप्प करायला लोक पैसे द्यायला तयार होते, सांगते ना! आणि इथे दिवसच्या दिवस मी टाइपरायटरशिवाय कुणाशी बोलत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यातल्या बाकावर एकटी डबा उघडायची. एक दिवस तांडेल आपला डबा घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसली. "एकटी का खातंस गो? घरात कोण मेलंय काय?" मी म्हटलं, "मला कुणी बोलावलंच नाही." ती इतकी हसली की तिकडे पॅकिंगवाल्या मुली वळून बघायला लागल्या. "मुंबईत कोण बोलवत नाय, बाय. इथं आपण जाऊन बसायचं. बसलं की दोन दिवस लोक बघतात. तिसऱ्या दिवशी सरकून जागा करतात." आणि तिनं डबा उघडला. सुक्या बोंबलाची चटणी! आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. वासासरशी मी अर्धी उठलेच. तिनं मनगट धरलं. "नाक धर पाहिजे तर. उठायचं नाय मात्र. आज बोंबलामुळे उठशील, उद्या दुसऱ्या कशामुळे उठशील. मग बसशील कुठं?"

मी नाक धरून पोहे खाल्ले. खरंच. एका हाताने नाक, एका हाताने पोहे. तिनं माझ्या पोह्यांवरची इंदूरची शेव न विचारता उचलली, आणि त्या दिवसापासून माझं नाव "इंदूर" पडलं. माझ्या मराठीला मात्र ती कधी हसली नाही. "तुझ्या मामाला तुझी मराठी वाकडी वाटते, माझी ऐकली तर आडवाच होईल," म्हणाली.

तिच्याबरोबर फिरणं म्हणजे काय होतं! अंधेरी स्टेशनसमोरच्या इराण्याकडे आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने मागच्या पडद्याकडे बोट दाखवलं. बायका आल्या की त्यांना त्या पडद्याआडच्या फॅमिली रूममध्ये बसवायची रीत. मी निघालेसुद्धा तिकडे, गुमान. तांडेल दारातल्या संगमरवरी टेबलाशी खुर्ची ओढून बसली. पोऱ्या म्हणाला, "बाई, फॅमिली उधर." ती म्हणाली, "आम्ही फॅमिली नाय. आम्ही गिऱ्हाईक. दोन चाय, ब्रून मस्का, आणि मस्का जास्ती." आजूबाजूचे बाप्ये पेपरातून डोकं काढून बघायला लागले. मी कशीबशी तिच्या बाजूला टेकले. तिनं पाव चहात बुडवला आणि त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, मोजदाद करावी तसं. पेपर हळूहळू वर गेले. "बघ," म्हणाली, "माणसं माशासारखी असतात. टक लावून बघितलं की हलतात." मासे खरंच हलतात का ते मला माहीत नाही. पण त्यानंतर आम्ही दर शनिवारी त्याच टेबलाशी बसलो, आणि पुढे पुढे तो पोऱ्या आम्ही दिसलो की आपणच तिथला पेपर उचलायचा.

आता रिंगची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी मुली रिंग खेळायच्या. रबराची रिंग, मधे नेट, एका हाताने झेलायची आणि त्याच हाताने परत फेकायची. पॅकिंगमधली कमल आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर राहायची. तिनं मला ओढून नेलं, आणि मी एका रविवारी तांडेलला घेऊन गेले. मामा म्हणाले होते घर ते कारखाना. पण आवार घराचंच की! तांडेल पहिल्या दिवशी उतरली आणि तिनं आमची दाणादाण उडवली. नऊवारी नव्हे हो, साधं पाचवारी, पण पदर खोचून अशी फेकायची की आम्हाला रिंग कुठून येते तेच कळायचं नाही. आणि आवाज! "सोड! सोड! झेल गो, माशी मारतंस काय!" तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले.

पण आमचं नेट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. रिंग वरून गेली की खालून गेली यावर रोज भांडण. तांडेल वैतागली. पुढच्या रविवारी ती काखेत एक गाठोडं घेऊन आली. तिच्या बापाचं जुनं जाळं! झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढलेलं, तपकिरी, राठ, कापून मापात आणलेलं. दोन बांबूंना तिनं ते असं ताणून बांधलं की त्यावर माणूस झोपला तरी हलू नये. आम्ही टाळ्या वाजवल्या. झकास दिसत होतं!

आणि मग मांजरं आली.

जाळं तिनं धुतलं होतं हो. तीनदा धुतलं असं ती शपथेवर सांगायची. पण समुद्रात जन्म काढलेलं जाळं ते. दुपारचं ऊन लागलं की त्याला सगळं आठवायचं. आमच्या शाकाहारी सोसायटीतली मांजरं, जन्मभर दूधभातावर वाढलेली, नेटखाली रांगेत येऊन बसली आणि वर बघायला लागली. आरती चालू असल्यासारखी! शेजारच्या बिल्डिंगमधली आली. मग कावळे. आम्ही हसून हसून लोळलो. तांडेल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा, ह्यांना कुणी सांगायला लागलं नाय चांगलं काय ते."

मामांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात नोटीस लागली: बाहेरच्या व्यक्ती व बाहेरच्या वस्तू आवारात आणू नयेत. मला वर बोलावून म्हणाले, "तू खेळ. कमल खेळू दे. पण ती मुलगी आणि ते जाळं, दोन्ही नको. इथे देवाधर्माची माणसं राहतात." मी म्हटलं, "मामा, ती माझी मैत्रीण आहे." ते म्हणाले, "म्हणूनच तुला शांतपणे सांगतोय. पुन्हा दिसली, तर तू इंदूरला." आवाज खरंच शांत होता. तसा आवाज मला जास्त घाबरवतो.

मी तांडेलला सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ दे गो, तुम्ही खेळा. मनातून, खरं सांगते, ती तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. माझी नोकरी, शनिवारचा चहा, ही सगळी मुंबई मला कुठे इतक्या लवकर सोडायची होती! पण ती संध्याकाळी हजर. फळ्यासमोर उभी राहून तिनं ती नोटीस वाचली, तिच्या त्या एरवीच्या आवाजात, पार तिसऱ्या मजल्यापर्यंत. मामा जिन्यात आले.

"काका," तांडेल म्हणाली, "तुम्ही मूळचे कुठले?"

"वाईचे. का?"

"ही इंदूरची. वरचे आजोबा?"

वरून आजोबा उत्साहाने ओरडले, "आम्ही देवरुखचे!"

"आणि मी खारदांड्याची. तुमच्या बिल्डिंगच्या पायात माती पडली नव्हती तेव्हापासून आमची होडी इथल्या पाण्यात आहे. मग काका, बाहेरचं कोण ते नीट लिहा ना फळ्यावर."

मामा वर निघून गेले. आम्ही खेळलो. मी एकही रिंग झेलली नाही, अर्धं लक्ष मामांच्या गॅलरीकडे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलो तर जाळं कापलेलं. वरपासून खालपर्यंत, मधोमध. कुणी कापलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मामांनी कापलं असं मी म्हणणार नाही; कात्री हातात धरायचा माणूस नव्हे तो. पण सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती, काय होतंय ते बघायला. कमल रडकुंडीला आली होती. मला वाटलं, आता तांडेल असा आवाज काढेल की काचा फुटतील.

तिनं जाळं सोडलं, आवाराच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसली, जाळं आणल्यापासून पिशवीत असायची ती जाळं विणायची लाकडी सुई आणि सुतळीचं रीळ काढलं, आणि सांधायला लागली. जसं काही ती तिच्या घरच्या ओट्यावरच बसली होती. "जाळं फाटायचंच," स्वतःशीच बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माशानं फाडलं काय, दगडानं फाडलं काय. आमच्यात कोण विचारत नाय कुणी फाडलं. विणायला बसतात."

ऊन उतरायला लागलं. मामा गॅलरीतून म्हणाले, "कुसुम, वर ये."

मी आवाराच्या कडेला उभी होते. बघा, दहा पावलं जिना आणि दहा पावलं तांडेल. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढं मात्र म्हणाली, "दुसरं टोक कुणी धरलं तर लवकर होईल."

"कुसुम!"

मी गेले आणि खाली बसले. दुसरं टोक मांडीवर घेतलं. वास आला, खोटं कशाला बोलू. तांडेल नजर न उचलता म्हणाली, "ताणून धर. सैल धरलंस तर गाठ बसत नाय." तेवढ्यात माझ्या बाजूला धप्पकन कुणीतरी बसलं. कमल! एका हाताने नाक दाबलेलं, डोळ्यांत पाणी, आणि नाकातल्या आवाजात म्हणते, "मला वास सहन होत नाहीये. पण उठत नाहीये मी!" तांडेलला हसू फुटलं, मग मला, मग वरच्या आजोबांना. अंधार पडायला लागला तेव्हा तांडेल वर बघून म्हणाली, "काका, तुमच्या गॅलरीतला दिवा लावाल काय जरा? गाठ दिसत नाय."

मामा आत गेले. दिवा लागला नाही. पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला लागला, आणि मामीने खिडकी उघडी ठेवली.  

मामांनी शब्द पाळला. त्या शनिवारी इंदूरचं तिकीट माझ्या उशाशी होतं. मी तिकीट घेऊन तांडेलकडे गेले, बोर्डापाशी, आणि तिथेच भोकाड पसरलं. "रड," म्हणाली, "मी तोवर एक फोन लावते." कुठल्यातरी ओळखीतून तिला कळलं होतं, वांद्र्याला एक ख्रिस्ती विधवाबाई नोकरीवाल्या मुलीला खोली देणार आहेत. तिनं यंत्र कानाला लावलं, घसा साफ केला, आणि तो मध! "गुड आफ्टरनून, मॅडम... येस, अ व्हेरी क्वायट गर्ल..." मी रडताना हसले. क्वायट! पाच मिनिटांत मला मुंबईत खोली मिळाली. वायर काढून ती ओरडली, "झालं! उद्या सामान उचल! आणि तिकीट परत कर, पैसे मामाच्या हातात ठेव, म्हणजे तोंड राहत नाय त्यांना!"

ठेवले. मामा पैशांकडे बघत म्हणाले, "हट्टी आहेस." मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "मामा, मी वांद्र्याला राहून राहिली आहे." मुद्दाम! इंदूरला बाबांना सगळं खरं कळवलं. आठवडाभर माझा जीव टांगणीला. उत्तरात त्यांनी एवढंच लिहिलं होतं: स्टोव्ह पेटवताना पदर सांभाळ.

आणि जाळं? ते सांधून पुन्हा त्याच बांबूंना बांधलं. सांधलेली जागा जाड दिसायची, व्रणासारखी. नोटीस पावसाळ्यातल्या ओलीने सुटून गळून पडली, दुसरी कुणी लावली नाही. तांडेल मात्र हट्टाने महिनाभर रोज आली, मग म्हणाली, "आता इथलं कमल बघेल. मना काय तिथं घर बांधायचं नाय. कुणी नको म्हटलं म्हणून जायचं नव्हतं, एवढंच." त्यानंतर आम्ही रविवारी खारदांड्याला खेळायचो, वाळूत, मासळी सुकवायच्या बांबूंच्या मधल्या जागेत. तिची आई टोपली उतरवून बघत बसायची आणि आमच्या खेळावर अशी काही शेरेबाजी करायची की तांडेल कुणावर गेली ते कळायचं.

आणि मग गेल्या महिन्यात कारखान्याने दिल्लीला ऑफिस उघडलं आणि बोर्डावर बसायला हिराला विचारलं. आम्हाला वाटलं, ती कसली जातेय! समुद्र सोडून? ती "जाते" म्हणाली. घरच्यांनी थोडी खळखळ केली, पण आईने शेवटी एवढंच म्हटलं, "जा. पण ताजं मिळायचं नाय तिथं, सांगून ठेवते." जायच्या आधी तिनं मला बोर्ड शिकवला, कुठली वायर कुठे. स्टेशनवर आम्ही सगळ्या गेलो होतो. तांडेल डब्याच्या दारात उभी. पदर खोचलेला, अबोली, सगळं तसंच. पण गप्प! मी तिला कधी गप्प बघितलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा मी धावत धावत ओरडले, तिच्यासारखं, पोटातून, "तिथे कोण बोलवणार नाही गो! आपण जाऊन बसायचं!" हमालसुद्धा थांबून बघायला लागले.

त्यानंतर दोन आठवडे काहीच नाही. दिल्लीहून रोज साहेबांसाठी फोन यायचा, मी बोर्डावर असले की घ्यायची, पलीकडून तोच मधाळ आवाज, "ट्रंक कॉल फ्रॉम डेल्ही, होल्ड द लाइन प्लीज." बस. कारण तिच्या शेजारी तिची वरिष्ठ बाई उभी असणार, कळत होतं ना. मी "हिरा?" म्हटलं तर नुसतं "होल्ड द लाइन प्लीज." मला झोप येईना. तिच्याशी तिथे कुणी बोलत नसेल. ती कोपऱ्यात डबा खात असेल. तांडेल! कोपऱ्यात!

परवा फोन आला. "ट्रंक कॉल फ्रॉम डेल्ही..." साहेब लाइनवर यायला वेळ होता. मी थांबले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि मग कानाचे पडदे फाटतील असा आवाज:

"गो इंदूर! दोन आठवडे एकटीनं खाल्लं गो! आज उठले, डबा उचलला, आणि सरळ त्या मोठ्या टेबलावर जाऊन बसले! बोंबलाची चटणी उघडली! सगळ्यांनी नाक धरलं!"

मी ओरडले, "मग?"

"कोण उठलं नाय!"

मागे कुठेतरी ती वरिष्ठ बाई इंग्रजीत काहीतरी किंचाळत होती. इकडे पॅकिंगच्या मुली दारात जमल्या होत्या. त्यांना फोन कानाला लावायची गरजच पडली नाही. साहेब लाइनवर आले आणि म्हणाले, "हॅलो? हॅलो? कोण ओरडतंय?"

"सर," मी माझ्या सगळ्यात गोड आवाजात म्हटलं, "होल्ड द लाइन प्लीज."